ओरखडे पडलेल्या डीव्हीडींसाठी ड्राइव्ह कोणता घ्यावा?

पेडणे तालुक्यातल्या एका निवृत्त मास्तरांनी विचारले आहे: "आमच्या नाट्यमंडळाने जत्रेत केलेल्या नाटकांच्या २००५ ते २०१२ या काळातल्या सत्तर डीव्हीडी माझ्या कपाटात आहेत. बहुतेकींवर चरे पडले आहेत. लॅपटॉपला लावायचा पातळ यूएसबी ड्राइव्ह विकत घेतला, पण डिस्क मध्येच अडकतात आणि लॅपटॉप हँग होतो. दोन तासांची एक डिस्क नेमकी चाळिसाव्या मिनिटाला थांबते. त्या डिस्कवर आमच्या एका दिवंगत नटाची शेवटची भूमिका आहे आणि दुसरी प्रत कोणाकडेच नाही. ओरखडे वाचणारा सगळ्यांत चांगला ड्राइव्ह कोणता?"

मास्तर, आधी त्या चाळिसाव्या मिनिटाच्या डिस्कविषयी. आजपासून ती कुठल्याही ड्राइव्हमध्ये घालू नका, पुसूही नका. कडक डबीत, उभी, अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवा. तिच्याकडे शेवटी येऊ.

आता ड्राइव्ह. माझा सल्ला असा, की एक सगळ्यांत चांगला ड्राइव्ह शोधू नका, दोन घ्या. जमले तर तीन. डेस्कटॉप कॉम्प्युटरमध्ये बसतात ते मोठे, वेगवेगळ्या कारखान्यांत तयार झालेले, आणि जुने असले तरी हरकत नाही. फोंड्यात मी वर्षानुवर्षे लग्ना-नाटकांचे शूटिंग आणि जुन्या कॅसेटी-डिस्का उतरवून देण्याचे काम करतो. सुरुवातीला मीही एकाच महागड्या ड्राइव्हवर भिस्त ठेवून बसलो होतो. एकदा डिचोलीहून एका दशावताराची डिस्क आली. माझ्या नेहमीच्या ड्राइव्हने तिच्यातले दोन मोठे तुकडे सोडले. एका बंद पडलेल्या ऑफिस-कॉम्प्युटरमधून काढलेल्या जुनाट ड्राइव्हने तेच दोन तुकडे पहिल्या फेरीत वाचले, पण पहिल्याला सहज जमलेला तिसरा तुकडा त्याला जमेना. दोघांचे वाचन जोडले आणि डिस्क पूर्ण झाली. एका ड्राइव्हला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसते, हे मी त्यानंतर इतक्या वेळा पाहिले आहे की एकाच ड्राइव्हवर काम संपवायचा विचार आता मनात येत नाही.

असे का होते, ते थोडे सांगतो, म्हणजे दुकानात काय विचारायचे ते कळेल. डीव्हीडी १.२ मिलिमीटर जाडीची असते. ०.६ मिलिमीटरच्या दोन प्लॅस्टिकच्या चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या, आणि चित्रण त्या दोहोंच्या मध्ये. (सीडीचे तसे नाही. तिच्यात मजकूर छापलेल्या बाजूच्या लाखेखालीच असतो, म्हणून सीडीच्या वरच्या बाजूला नख लागले तरी नुकसान होते. डीव्हीडीच्या वरच्या बाजूचे चरे बहुधा निरुपद्रवी.) ड्राइव्हचा ६५० नॅनोमीटरचा लाल लेसर खालून आत शिरतो. पृष्ठभागावर त्याचा झोत सुमारे अर्धा मिलिमीटर रुंद असतो आणि आत जाता जाता तो मायक्रॉनहूनही लहान ठिपक्यावर एकवटतो. त्यामुळे पृष्ठभागावरचा केसाएवढा चरा म्हणजे टॉर्चच्या काचेवर चिकटलेला केस. उजेड थोडा कमी होतो, पण दिसायचे थांबत नाही.

शिवाय डिस्कवर मजकूर लिहितानाच दुरुस्तीची सोय केलेली असते. १६ सेक्टरांचा (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा २ किलोबाइटचा तुकडा) म्हणजे ३२ किलोबाइटचा एक गठ्ठा, आणि त्याच्यासोबत सुमारे ५ किलोबाइट जादा आकडे. काही भाग वाचता आला नाही तर ड्राइव्ह त्या जादा आकड्यांवरून तो परत काढतो. माग (मजकूर लिहिलेली, गोल फिरत जाणारी बारीक रेषा) सलग जवळजवळ ६ मिलिमीटर गेला तरी हिशेब जुळतो. म्हणून मध्यापासून काठाकडे गेलेला उभा चरा, दिसायला कितीही भयानक असला, तरी सहसा त्रास देत नाही. लेसर त्याला आडवा ओलांडतो आणि क्षणात पलीकडे जातो. त्रास देतो तो मागाच्या दिशेने, गोलाकार गेलेला चरा, मग तो बारीक का असेना. लेसर त्याच्या आत शिरला की बाहेर यायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात लेन्सला आपला माग कुठला हेच कळेनासे होते. दोन मागांमधले अंतर फक्त ०.७४ मायक्रॉन आहे.

ड्राइव्ह-ड्राइव्हमधला खरा फरक इथेच. सिग्नल मंद झाला की लेन्स जागेवर धरून ठेवायची की इकडे-तिकडे हलवून माग शोधायचा, किती वेळा परत प्रयत्न करायचा, वेग कधी उतरवायचा, आणि शेवटी कधी हार मानायची, हे प्रत्येक कारखान्याच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या प्रोग्राममध्ये, वेगळे बसवलेले असते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या २४ एक्सचा याच्याशी काही संबंध नाही. तो लिहिण्याचा वेग, डीव्हीडीच्या मूळ वेगाच्या (१ एक्स) किती पट ते सांगणारा. वाचण्याचा कमाल वेग साधारण १६ एक्स असतो, आणि आपल्याला तोही नको आहे.

तुमच्याकडचा पातळ ड्राइव्ह वाईट आहे असे नाही. चांगल्या डिस्क त्याच्यावरच वाचा. पण त्याची लेन्स, मोटर आणि सगळा सांगाडा लॅपटॉपच्या जाडीत बसवण्यासाठी आखडलेला असतो, डिस्क फक्त मधल्या तीन दातांवर अडकलेली असते, आणि वीज यूएसबीच्या ५ व्होल्टवरून घ्यायची. लॅपटॉपचे यूएसबी तोंड थोडे जरी कमजोर असले तरी अवघड जागी परत परत प्रयत्न करताना असा ड्राइव्ह मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतो. तुमचा लॅपटॉप हँग होतो त्यातला काही भाग हा असू शकेल. दोन यूएसबी तोंडांची वायर आली असेल तर दोन्ही लावून पाहा. मोठ्या ड्राइव्हमध्ये डिस्क वरून चुंबकाच्या चकतीने दाबून धरलेली असते, सांगाडा जड असतो आणि मोटरला १२ व्होल्ट मिळतात. किंचित वाकलेली किंवा कागदी लेबल लावलेली डिस्क त्यात कमी थरथरते.

कागदी लेबलाचा मुद्दा मुद्दाम काढला. आपल्याकडच्या मंडळांनी त्या काळात नाटकाचे नाव, देवस्थानाचे नाव, कधी देवाचा फोटोही छापलेले गोल स्टिकर डिस्कवर लावले. गोव्याच्या पावसाळ्यात तो कागद दमट हवा पितो, एका बाजूने सुटतो आणि डिस्कला ओढून वाकवतो. तो स्टिकर ओढून काढू नका. काठाशी दोन चकत्या उकलल्या तर उपाय नाही. वेग कमी ठेवा, ड्राइव्ह सांभाळून घेईल.

आता कुठला ड्राइव्ह, ते नावाने. नाव वाचताना एक गोष्ट लक्षात असू द्या. ड्राइव्हच्या तोंडावर एक नाव असते आणि आतला माल दुसऱ्याचा असू शकतो. एलजीचे ड्राइव्ह हिताची-एलजी या जोड-कंपनीचे, सॅमसंगचे तोशिबा-सॅमसंगचे, लाइट-ऑनचे नंतरचे बरेचसे फिलिप्स-लाइट-ऑनचे, आणि सोनी-एनईसी मिळून ऑप्टिआर्क. कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपन्यांच्या मशीनमध्ये बहुधा यांपैकीच कुणाचा तरी असतो. म्हणून दोन ड्राइव्ह घेताना तोंडावरचे नाव पाहून भागत नाही. उलटा करून पाठीवरच्या स्टिकरवर मॉडेल आणि बनवणारा वाचा. वेगवेगळ्या नावांखाली दोन्ही एकाच घरचे निघाले, तर दुसऱ्याचे पैसे वाया जातील, कारण जिथे पहिला अडला तिथेच दुसराही अडेल.

माझ्या टेबलावर सध्या तीन आहेत: लाइट-ऑनचा आयहॅस मालिकेतला एक, एलजीचा जीएच२४ मालिकेतला एक, आणि एक जुना पायोनियर. घरी लिहिलेल्या जुन्या डिस्कांसाठी मी पहिला लाइट-ऑन लावतो. तो चिकाटीने वाचतो, आणि डिस्कवर कुठे किती चुका आहेत याचा आलेख काढणारे प्रोग्राम त्याच्यावर चालतात. एलजी सहज मिळतो, नवाही मिळतो, आणि काठाच्या भागात मला त्याचा चांगला अनुभव आहे. पायोनियर मिळाला तर सोडू नका. पण याच मॉडेलसाठी अडून बसण्याची गरज नाही. दहा वर्षे धूळ खात पडलेला "सर्वोत्तम" ड्राइव्ह आणि नीट ठेवलेला साधा ड्राइव्ह यांत मी दुसरा घेईन. ब्लू-रे ड्राइव्ह महाग असतो म्हणून डीव्हीडी अधिक चांगली वाचेल असे समजू नका. डीव्हीडीसाठी त्यातही तोच लाल लेसर वेगळा बसवलेला असतो. ब्लू-रे डिस्क नसतील तर ते पैसे वाचवा.

म्हापसा, पणजी, मडगाव, फोंडा, कुठेही कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात मागच्या खोलीत काढून ठेवलेल्या ड्राइव्हचा ढीग असतो. नव्या कॉम्प्युटरमध्ये ड्राइव्ह कोणी बसवत नाही, त्यामुळे मालक थोडक्यात देतो. नातेवाइकांकडे विचारा. गोवा सरकारच्या सायबरएज योजनेत मुलांना मिळालेले कॉम्प्युटर अजून कोणाकोणाच्या माळ्यावर आहेत. त्यातले काही ड्राइव्ह फक्त सीडीचे असतात, म्हणून तोंडावर डीव्हीडीचे चिन्ह आहे का पाहा. मागच्या बाजूला चपटी छोटी साटाची (नव्या पद्धतीच्या जोडणीची) खाच हवी. चाळीस टाचण्यांची रुंद खाच असेल तर तो जुन्या जोडणीचा, आयडीई; ड्राइव्ह कदाचित उत्तम असेल पण जोडणीचा खटाटोप वाढतो.

जोडणीसाठी साटा-ते-यूएसबी वायर लागेल, आणि ती घेताना लोक हमखास फसतात. लॅपटॉपच्या छोट्या हार्ड डिस्कसाठीची वायर १२ व्होल्ट देत नाही, तिच्यावर मोठा ड्राइव्ह फिरणारच नाही. भिंतीत लावायचा १२ व्होल्ट, २ अँपियरचा अडॅप्टर सोबत असलेलीच घ्या, आणि ती डीव्हीडी ड्राइव्ह चालवते असे लिहिलेले आहे ना ते बघा. काही वायरी फक्त हार्ड डिस्क ओळखतात. घरात जुना डेस्कटॉप चालू अवस्थेत असेल तर सगळ्यांत बरे. थेट मदरबोर्डला दोन ड्राइव्ह जोडून टाका.

ड्राइव्ह विकत घेण्याआधी दुकानातच तपासायचा, आणि तपासायला चांगली डिस्क नेऊ नका. चांगली डिस्क प्रत्येक ड्राइव्ह वाचतो. मी एक कसोटीची डिस्क तयार केली आहे. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने ३४ रुपयांत सिनेमांच्या डीव्हीडी बाजारात आणल्या, तेव्हा घरोघरी त्यांच्या चळती झाल्या होत्या. त्यातलीच एक, कोणाला नको असलेली. तिच्यावर एक उभा चरा, एक बोटभर लांब गोलाकार चरा आणि काठाशी थोडा खरखरीत भाग मी मुद्दाम केला. नवा ड्राइव्ह आला की तीच डिस्क लावायची आणि किती सेक्टर सुटले ते वहीत लिहायचे. तुम्ही पण अशी एक करा. दहा मिनिटांत कळते की ड्राइव्ह घ्यावा की परत ठेवावा.

घरी आणल्यावर आधी लेन्स. साखळी-डिचोली-उसगाव भागातून आलेल्या मशीनमध्ये मी खाणीची लाल धूळ लेन्सवर बसलेली पाहिली आहे. किनाऱ्याजवळच्या घरांत खारट, चिकट थर असतो. असा ड्राइव्ह ओरखडे काय वाचणार, त्याला धड डिस्कही जड जाते. प्लग काढून, चार स्क्रू सोडवून झाकण उघडा. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब घेऊन लेन्सवर न दाबता हलकेच गोल फिरवा. लेन्स केसाएवढ्या तारांवर टांगलेली असते, दाबली की संपली. झाकण उघडे असताना वीज अजिबात लावायची नाही. लिहिणाऱ्या ड्राइव्हचा लेसर डोळा कायमचा खराब करू शकतो. ब्रश लावलेली "क्लीनिंग डिस्क" मिळते, ती मी वापरत नाही. ब्रश लेन्सला वेगाने आपटतो.

आता वाचण्याची पद्धत. खरे तर ड्राइव्ह निवडण्याइतकीच ही महत्त्वाची आहे. विंडोजच्या खिडकीत डिस्क उघडून फाइल ओढून कॉपी करू नका. एका खराब जागी विंडोज तिथेच धडका देत बसते आणि पुढचा चांगला भागही मिळत नाही. याला डीडीरेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्राम आहे, विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या लिनक्स या मोफत प्रणालीवर चालतो. पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करता येते, लॅपटॉपवरचे काही बदलत नाही. गावातल्या कॉम्प्युटर शिकलेल्या एखाद्या पोराला सोबत बसवा, अर्ध्या तासात दोघांना जमेल. हा प्रोग्राम डिस्कची सेक्टरशः प्रत एका फाइलीत घेतो. जिथे अडला ती जागा ओलांडून पुढे जातो, आणि कुठले सेक्टर मिळाले, कुठले राहिले याची नोंद दुसऱ्या छोट्या फाइलीत ठेवतो. ती नोंदीची फाइल हे या कामाचे मर्म. पहिल्या ड्राइव्हवर फेरी संपली की डिस्क काढून दुसऱ्यात घाला, तीच प्रत आणि तीच नोंद दाखवा. दुसरा ड्राइव्ह फक्त उरलेल्या जागा वाचतो. मग तिसरा. मग पुन्हा पहिला, पण उलट दिशेने. काठाकडून मागे येताना पुष्कळदा आणखी काही सेक्टर हाती लागतात.

सेक्टरचा आकार २०४८ बाइट द्यायचा, आणि कॉम्प्युटरचा मधला साठा (आधी वाचून ठेवलेली प्रत) टाळून थेट डिस्कवरून वाचायचा पर्याय चालू ठेवायचा. पहिल्या फेरीत खराब जागा खरवडायची (म्हणजे प्रोग्रामला तिथला एकेक सेक्टर वाचायला लावायचा) नाही, नुसती ओलांडायची. उरलेल्या जागांवर नंतर तीनपेक्षा जास्त फेऱ्या मी घालत नाही. रात्रभर एकाच जागी धडका देऊन ड्राइव्हची लेन्स तापते, हाती काही लागत नाही. डिस्क काढून किंचित फिरवून परत बसवणे याने मात्र पुष्कळदा काम होते, कारण ती प्रत्येक वेळी थोडी वेगळी बसते.

वेग उतरवा. १६ एक्सवर डिस्क मिनिटाला सुमारे ९,२०० फेरे घेते. ४ एक्सवर सुमारे २,३००. संथ फिरताना लेन्सला माग धरायला चौपट वेळ मिळतो. लिनक्सवर वेग बांधून देण्याची आज्ञा आहे, विंडोजवर त्यासाठी छोटे प्रोग्राम आहेत. काही ड्राइव्ह ती ऐकत नाहीत, आणि असा ड्राइव्ह मी या कामासाठी ठेवत नाही. जुन्या घरगुती डिस्कांचा काठ बहुधा सगळ्यांत कमजोर असतो, आणि तिथेच ड्राइव्हचा वाचण्याचा वेग सर्वाधिक असतो. "शेवटची दहा मिनिटे दिसत नाहीत" अशा तक्रारीतल्या निम्म्या डिस्क माझ्याकडे फक्त वेग उतरवून वाचल्या गेल्या. वेगाची घाई नाही. १ एक्सने वाचली तरी भरलेली ४.७ जीबीची डिस्क तासाभरात होते.

काही सेक्टर शेवटपर्यंत मिळाले नाहीत तर धीर सोडू नका. एक गठ्ठा गेला म्हणजे ३२ किलोबाइट, आणि नाटकाच्या चित्रणात तो सेकंदाचा विसावा भाग. चित्राची बांधणी अशी असते, की त्यामुळे अर्धा सेकंद चित्र फुटेल, एखादे अक्षर गिळले जाईल. दोन अंकांच्या नाटकात असे दहा ठिपके कोणाच्या लक्षातही येत नाहीत. मेनूची फाइल गेली आणि डिस्क "रिकामी" दिसू लागली, तरी आतल्या व्हीओबी, म्हणजे खुद्द चित्रणाच्या, फाइली शाबूत असतात. त्या व्हीएलसी या मोफत व्हिडिओ-प्रोग्राममध्ये सरळ चालतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. तुमच्या सत्तरपैकी काही डिस्कांचा आजार ओरखडा नसणारच. घरी लिहिलेल्या डीव्हीडीत खड्डे नसतात, रंगाचा थर असतो, आणि लेसरने त्यातच खुणा केलेल्या असतात. ऊन, उष्णता आणि दमटपणा यांनी तो थर उतरतो. डिस्क खिडकीच्या उजेडात तिरकी धरा. खालची जांभळट बाजू एकसारखी आहे, की कुठे फिकट, ढगाळ ठिगळे आहेत? काठाकडून आत सरकणारे फिकटपण असेल तर तो रंग गेलेला. तिथे पॉलिश, पेस्ट काहीही उपयोगी नाही. फक्त वेगळा ड्राइव्ह, संथ वेग आणि घाई. घाई अशासाठी, की ओरखडा उद्या वाढत नाही, पण रंग रोज उतरत असतो. म्हणून चरे पडलेल्यांच्या आधी या ठिगळवाल्या डिस्क वाचा, आणि पावसाळा लागण्याआधी वाचा. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्क असतील तर त्याही पहिल्या रांगेत. त्या साध्या डिस्कच्या निम्म्याहूनही कमी प्रकाश परत पाठवतात, ड्राइव्हला त्या मुळातच अंधुक दिसतात.

पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका, ती बहुधा वरवर असते. साध्या पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, आणि चष्म्याचे मऊ कापड. मध्यापासून काठाकडे सरळ पुसायचे, गोल कधीच नाही. गोल पुसताना कापडाखालच्या एका कणाने नेमका नको तो गोलाकार चरा पडतो. रॉकेल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांचा वाससुद्धा डिस्कला नको. पॉलिश करायचे तर गाडीच्या रंगाला लावतात ते बारीक पॉलिश, तेही तिन्ही ड्राइव्हवर फेऱ्या झाल्यानंतर आणि उरलेल्या जागी चरा डोळ्यांना दिसत असेल तरच. टूथपेस्टचा प्रयोग मी सुचवणार नाही. तिच्यातले कण कमी-जास्त खरखरीत असतात. मधल्या छिद्रापासून तडा गेलेली डिस्क असेल तर ती बाजूला काढा. वेगाने फिरवली तर ड्राइव्हच्या आत फुटते.

जागा किती लागेल, तर ७० डिस्क गुणिले ४.७ म्हणजे सुमारे ३२९ जीबी. ५०० जीबीच्या दोन हार्ड डिस्क घ्या, एक तुमच्याकडे, दुसरी मंडळाच्या दुसऱ्या कोणाच्या घरी.

आता ती डिस्क. डिस्क मधून बाहेर वाचली जाते, त्यामुळे मिनिटावरून जागा काढता येते. मजकूर मध्यापासून २४ मिलिमीटरवर सुरू होतो आणि पूर्ण भरलेल्या डिस्कवर ५८ मिलिमीटरपर्यंत जातो. दोन तासांत चाळिसावे मिनिट म्हणजे एक तृतीयांश मजकूर, आणि तो संपतो मध्यापासून साधारण ३९ मिलिमीटरवर. आधी डिस्क तिरकी धरून लिहिलेला, किंचित वेगळ्या छटेचा भाग काठापर्यंत आहे ना ते पाहा. नसेल तर जागा त्या मानाने आत सरकेल. मग पट्टी नुसती वर धरून, डिस्कला न टेकवता, मध्यबिंदूपासून ३९ मिलिमीटरवर बघा. तिथे गोलाकार चरा असेल तर सुटकेचा श्वास सोडा, कारण चऱ्याच्या पलीकडचा ऐंशी मिनिटांचा मजकूर बहुधा जसाच्या तसा आहे. ओलांडून वाचणाऱ्या प्रोग्रामला तो पहिल्याच फेरीत मिळेल. चरा नसेल आणि तिथून पुढे छटा फिकट होत गेली असेल तर रंगाचा प्रश्न आहे. मग हीच डिस्क रांगेत पुढे घ्या.

पण पहिली नको. आधी तीन-चार अशा डिस्क वाचा, ज्यांच्या दुसऱ्या प्रती कोणाकडे तरी आहेत. ड्राइव्हचा स्वभाव कळू द्या, नोंदीची फाइल नीट राहते ना ते पाहा, इन्व्हर्टर नसेल तर वीज जाण्याची वेळ टाळा. मग एके दिवशी सकाळी पहिल्या ड्राइव्हवर ४ एक्सने एक फेरी, खरवडणे बंद ठेवून. जे मिळेल त्याची लगेच दुसऱ्या हार्ड डिस्कवर प्रत. मग दुसरा ड्राइव्ह, मग तिसरा. तरीही मधला भाग राहिलाच, तर दिवाणखान्यातला जुना डीव्हीडी प्लेयर काढा. कॉम्प्युटर प्रत्येक आकडा अचूक मागतो आणि नाही मिळाला की अडतो. प्लेयर चुकलेली जागा झाकून चित्र पुढे नेतो. त्याच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरी कॅप्चर कार्डला (प्लेयरचे चित्र-आवाज कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या उपकरणाला) लावून तेवढी पाच मिनिटे रेकॉर्ड करा आणि फाइलीत त्या जागी जोडा. चित्र थोडे मऊ येईल, पण त्यांचा आवाज नीट येईल.

हे सगळे करूनही ३९ मिलिमीटरच्या आसपास काही राहिले तर पॉलिशला हात लावण्याआधी डिस्क, प्रतीची फाइल आणि नोंदीची फाइल तिन्ही घेऊन फोंड्याला या. माझे तीन ड्राइव्ह तुमच्या ड्राइव्हहून वेगळे असतील. उरलेल्या सेक्टरांवर त्यांनाही एक-एक फेरी घालू.